नानांचे दोन्ही कान बंद झाले आहेत : मळ, थेंब आणि पिचकारी यांविषयी सविस्तर उत्तर

अमळनेर तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील, म्हणजे नाना, ६८ वर्षांचे आहेत. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे, उजव्या कानाला ते दोन वर्षांपासून श्रवणयंत्र लावतात आणि त्यांचा डावा कान लहानपणी वाहत असे. गेल्या आठवड्यात डोक्यावरून पाणी घेऊन आंघोळ केल्यानंतर त्यांच्या दोन्ही कानांना दडे बसले. गावातल्या मेडिकलमधून मळ विरघळवण्याचे थेंब आणून दोन दिवस टाकले, तर कान मोकळे होण्याऐवजी अधिकच बंद झाले. शेजारच्या आजी लसूण घालून कढवलेले तेल कानात सोडायला सांगतात, मोठे भाऊ पिचकारीने पाणी मारू म्हणतात, आणि प्रश्नकर्त्यांनी स्वतः मोबाईलला जोडता येणारा, टोकाला बारीक चमचा असलेला कॅमेरा मागवून ठेवला आहे. यांतले काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी जळगावात गेली सव्वीस वर्षे कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करतो आहे, आणि पावसाळ्याचे पहिले दोन महिने माझ्या दवाखान्यात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे “डॉक्टरसाहेब, मना कान बंद व्हई गया.” त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देतो. डाव्या कानात आजपासून काहीही टाकू नका. उजव्या कानात दुखत नसेल तर साधे तेलाचे थेंब तीन-चार दिवस चालतील. लसणाचे तेल, पिचकारी आणि चमचा हे तिन्ही बाजूला ठेवा, आणि या आठवड्यातच नानांचे दोन्ही कान तज्ज्ञाकडून पाहून घ्या. दोन्ही कानांसाठी मी वेगवेगळे का सांगतो आहे, हे समजण्यासाठी मात्र थोडे सविस्तर सांगावे लागेल.

आपण ज्याला मळ म्हणतो तो खरे तर मळ नव्हे, आणि या एका शब्दामुळे आपल्याकडे बरेच कान बिघडले आहेत असे माझे मत आहे. बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची कानाची नळी प्रौढ माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक-तृतीयांश भाग कूर्चेचा असतो आणि आतला दोन-तृतीयांश हाडाचा. केस आणि स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या कूर्चेच्या भागात असतात. तेथील तेलग्रंथींचा आणि घामग्रंथींसारख्या दुसऱ्या ग्रंथींचा स्राव, त्यात मिसळलेल्या त्वचेच्या गळून पडलेल्या पापुद्र्या आणि थोडी धूळ, मिळून हा पिवळसर-तपकिरी मेणासारखा पदार्थ बनतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत झिरपू देत नाही, जंतूंची आणि बुरशीची वाढ रोखतो आणि आत शिरू पाहणाऱ्या किड्याला चिकटवून ठेवतो. म्हणजे तो दाराशी बसवलेला राखणदार आहे. पडद्याजवळच्या हाडाच्या भागात हा पदार्थ तयारच होत नाही, त्यामुळे पडद्याला चिकटलेला मळ दिसला की तो कोणीतरी तिथे ढकललेला आहे, असे आम्ही बहुधा गृहीत धरतो.

हा स्राव बाहेर कसा येतो, हे शरीरातील एक नवल आहे. अंगावरची त्वचा जागच्या जागी झडते, पण कानाच्या नळीतली त्वचा पडद्याच्या मध्यापासून कडेकडे आणि तिथून नळीच्या भिंतीवरून बाहेरच्या दिशेने सरकत असते. तिचा वेग नखाच्या वाढीइतका मंद असतो, पण ही चाल अखंड चालू असते. तिच्याबरोबर मळ बाहेरच्या भागात येतो, जेवताना-बोलताना हलणाऱ्या जबड्याने मोकळा होतो आणि एखाद्या सकाळी उशीवर किंवा बोटाला लागून निघून जातो. ज्यांचे हे सरकते यंत्र ठीक चालते, त्यांना आयुष्यभर कान साफ करण्याची गरज पडत नाही. बहुसंख्य लोक याच गटातले असतात, पण ते माझ्याकडे येत नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

नानांच्या बाबतीत हे यंत्र अडखळण्याची तीन कारणे दिसतात. पहिले कारण वय. साठीनंतर ग्रंथींचा स्राव कोरडा होतो, मळ घट्ट बनतो, आणि पुरुषांच्या कानात जाड केस वाढून त्याची वाट अडवतात. दुसरे कारण श्रवणयंत्र. यंत्राचा साचा दिवसभर नळीच्या तोंडाशी बुचासारखा बसतो, बाहेर आलेला मळ रोज सकाळी पुन्हा थोडा आत लोटला जातो आणि महिन्या-महिन्याने थर साचत जातो. भुसावळच्या रेल्वे कारखान्यांत, जिनिंग-प्रेसिंगमध्ये किंवा डाळ मिलमध्ये आवाजापासून बचाव म्हणून कानात बोळे घालणाऱ्या कामगारांतही हेच घडते, आणि हल्ली दिवसभर इयरफोन लावणाऱ्या कॉलेजच्या मुलांतही. तिसरे कारण नानांनी सांगितले नसले तरी मी विचारणारच, ते म्हणजे काडी.

आपल्या खानदेशात कापसाला तोटा नाही. घरात सरकी काढलेला कापूस असतोच, आणि आगपेटीच्या काडीला तो गुंडाळून आंघोळीनंतर कान पुसणे ही अनेकांची पिढीजात सवय आहे. त्याआधी चांदीचे किंवा तांब्याचे कानकोरणे असे, आता दुकानातल्या इयरबड आल्या, आणि निकडीच्या वेळी मोटारसायकलची किल्ली, हेअरपिन, सेफ्टीपिन, पेनाचे टोपण यांपैकी जे हाती येईल ते. या सर्वांचा दोष एकच आहे : टोकाला लागतो तो थोडा मळ बाहेर येतो, आणि उरलेला दारूच्या तोफेत गज घालून ठासावा तसा आत ठासला जातो. बाहेर आलेला बोळा पिवळा दिसला की समाधान वाटते, आणि आत काय गेले ते दिसत नाही. शिवाय हाडाच्या भागातील त्वचा अतिशय पातळ असते आणि तिच्याखाली लगेच हाड असते, म्हणून तेथे घासले की ओरखडा पडतो, खाज सुटते, आणि ती खाज भागवायला माणूस पुन्हा काडी घालतो. काडीचा कापूस सुटून आत राहणे, मुलाने धावत येऊन हाताला धक्का देणे आणि पडदा फाटणे, हे प्रकार मी दरवर्षी पाहतो. काडी घातली की ठसका का लागतो, असेही लोक विचारतात. पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक बारीक शाखा कानाच्या नळीतही येते, आणि ती डिवचली की मेंदूला घसा खवखवल्यासारखे वाटते.

आता आंघोळीनंतरच कान एकदम का बंद झाले? नळी नव्वद टक्के भरली तरी एक बारीक फट उरली असेल तर आवाज पुष्कळसा आत पोहोचतो, त्यामुळे महिनोन्महिने मळ साठूनही माणसाला त्याचा पत्ता नसतो. मळात सुकलेल्या त्वचेच्या पापुद्र्या असतात, त्या पाणी शोषून फुगतात, आणि उरलेली फट एका आंघोळीत बुजते. म्हणूनच आखाजीच्या सुट्टीत विहिरीत किंवा शेततळ्यात डुंबून आलेली मुले आणि पहिल्या पावसात भिजलेले शेतकरी एकाच तक्रारीने येतात. नळी पूर्ण बुजली म्हणजे साधारण ३० ते ४० डेसिबलपर्यंत ऐकणे कमी होऊ शकते, म्हणजे समोरचा माणूस हळू आवाजात बोलत असेल तर ते ऐकू येत नाही, आपला स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमतो. काहींना कानात गुणगुण जाणवते, काहींना हलकी चक्कर, आणि श्रवणयंत्र लावणाऱ्यांना यंत्राची शिट्टी वाजू लागते, कारण यंत्रातून निघालेला आवाज मळावर आपटून परत मायक्रोफोनमध्ये शिरतो. नानांचे यंत्र गेल्या काही दिवसांत शिट्टी मारू लागले असेल तर ते यंत्र बिघडले म्हणून दुरुस्तीला पाठवण्याआधी कान पाहा. मळामुळे वाजणारी यंत्रे घेऊन दुकानात दोन-दोन चकरा मारलेले आजोबा मला भेटलेले आहेत.

थेंब टाकल्यावर कान अधिक बंद झाले, याचे कारणही तेच आहे. मळ मऊ करणारे कोणतेही द्रव आधी त्याला फुगवते आणि नंतर सोडवते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस त्रास वाढल्यासारखा वाटणे अपेक्षितच असते. औषध देताना ही गोष्ट सांगितली गेली नाही, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी थेंब फेकून देतो आणि काडीकडे वळतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात हे सांगायला विसरत असे, आणि रागावून परत आलेल्या रुग्णांकडूनच शिकलो.

थेंब कोणते, यावर फार डोके शिणवण्याचे कारण नाही. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा पॅराडायक्लोरोबेन्झीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल यांचे मिश्रण मिळते. त्याशिवाय सोडा आणि ग्लिसरीनचे जुने थेंब आहेत, बदामाचे किंवा ऑलिव्हचे तेल आहे, आणि काहीच नसेल तर स्वच्छ खोबरेल तेलही चालते. उपलब्ध अभ्यासांची एकत्रित छाननी करणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यातून निघालेला निष्कर्षही असाच आहे : काहीही न टाकण्यापेक्षा थेंब टाकणे बरे, पण एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही, आणि साधे पाणी किंवा सलाइनसुद्धा महागड्या औषधाच्या फारसे मागे पडत नाही. टर्पेंटाइन असलेले मिश्रण काहींच्या कानात चुरचुरते, म्हणून वयस्कर माणसांसाठी मी साधे तेल किंवा सोडा-ग्लिसरीन पसंत करतो.

तेल टाकण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. बाटली पाच मिनिटे मुठीत धरून अंगाच्या उष्णतेला आणावी. नानांनी डाव्या कुशीवर झोपून उजवा कान वर करावा, तुम्ही त्यांच्या कानाची पाळी हलकेच वर आणि मागे ओढून तीन-चार थेंब सोडावेत, छिद्रापुढचा लहानसा उंचवटा बोटाने दोन-चारदा दाबावा म्हणजे तेल आत उतरते, आणि दहा मिनिटे तसेच पडून राहावे. उठल्यावर बाहेर ओघळलेले रुमालाने पुसावे, आत बोळा ठेवू नये, कारण तो तेलच शोषून घेतो. असे दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस करावे. तेवढ्याने काहींचे कान आपोआप मोकळे होतात, बाकीच्यांचा मळ मऊ होऊन काढायला सोपा होतो. थेंब टाकल्यावर निदान अर्धा तास श्रवणयंत्र घालू नये, तेलाने यंत्राचा आवाज येणारा बारीक भाग कायमचा बंद पडू शकतो.

लसणाच्या तेलाविषयी आजींचा राग न होता सांगता आले तर सांगावे. लसणाचा रस नाजूक त्वचेला भाजतो. चुलीवर पळीत कढवलेले तेल बोटाला कोमट वाटले तरी कानाच्या पडद्याला ते चटका देणारे असू शकते. आईने प्रेमाने सोडलेल्या तेलाने पोळलेली नळी, फोडांनी सुजलेली, मी उघडून पाहिली आहे, आणि आधी जो कान नुसता बंद होता तो पुढे तीन आठवडे दुखत राहिला. आयुर्वेदातील कर्णपूरण हा वेगळा विषय आहे. त्यातही तेल सुखोष्ण असावे लागते आणि वाहणाऱ्या कानात ते घालत नाहीत, हे जाणकार वैद्य तुम्हाला सांगतील.

आता डावा कान. लहानपणी वाहणारा कान, ज्याला आपल्याकडे कान फुटणे म्हणतात, तो पुढे कोरडा झाला तरी पडद्याला छिद्र राहिलेले असू शकते, किंवा छिद्र भरून आलेल्या जागी पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा विरळ असू शकतो. समोर मळाची भिंत असताना हे कोणालाच बाहेरून कळत नाही. अशा कानात थेंब किंवा पाणी गेले तर ते मधल्या कानात उतरते, आणि चाळीस वर्षे शांत असलेला कान पुन्हा वाहू लागतो. नानांना एक प्रश्न विचारा : थेंब टाकल्यावर औषधाची कडू चव घशात आली का, किंवा आत तीव्र आग झाली का? मधला कान एका नळीने घशामागे जोडलेला असतो, त्यामुळे चव आली असेल तर पडद्याला छिद्र असण्याची शक्यता दाट आहे. चव आली नाही म्हणून छिद्र नाही असे मात्र धरू नये. जुन्या वाहणाऱ्या कानात कधी कधी मळासारखी दिसणारी, पण दुर्गंधी येणारी पांढरट पापुद्र्यांची गाठ असते, जी हळूहळू हाड कुरतडते. ती मळ समजून वर्षानुवर्षे नुसती धुतली गेली तर नुकसान मोठे होते. कानातून घाण वास येणे हे मळाचे लक्षण नाही.

पिचकारीकडे येतो. कान धुणे ही जुनी आणि योग्य रुग्णात चांगली पद्धत आहे, पण ती घरातल्या रंगपंचमीच्या पिचकारीने किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने जोर लावून करण्याची नाही. आम्ही पाणी शरीराच्या तापमानाचे, म्हणजे साधारण ३७ अंश सेल्सिअस ठेवतो, पाळी वर-मागे ओढून नळी सरळ करतो, आणि धार पडद्यावर न मारता नळीच्या छताकडे, किंचित मागच्या बाजूला सोडतो, म्हणजे पाणी मळाच्या मागे शिरून परत येताना त्याला बाहेर लोटते. तापमानाचा आग्रह का, याची एक चांगली हकीकत आहे. व्हिएन्नात कानाचे डॉक्टर म्हणून काम करणारे रॉबर्ट बारानी यांच्या लक्षात आले की कान धुताना रुग्णांना गरगरते. त्यांच्या एका रुग्णाने पाणी पुरेसे कोमट नसले की आपल्याला चक्कर येते असे सांगितले, तर फार गरम पाणी वापरल्यावरही चक्कर आली, आणि डोळ्यांची थरथर उलट दिशेने झाली. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानातील द्रव थंड-गरम झाल्याने हलतो हे त्यांनी ताडले आणि त्यातून तोलाच्या विकारांची एक तपासणीच उभी राहिली. त्या कामासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही आम्ही त्या तपासणीत ३० आणि ४४ अंशांचे पाणी वापरतो. म्हणजे सात अंशांचा फरक ६८ वर्षांच्या माणसाला न्हाणीघरात पाडायला पुरेसा आहे, आणि जानेवारीतले आपल्याकडच्या हौदातले पाणी तर त्याहूनही गार असते.

ज्यांच्या पडद्याला छिद्र आहे किंवा असण्याचा संशय आहे, ज्यांच्या कानाची शस्त्रक्रिया झालेली आहे, ज्यांचा कान सध्या दुखतो किंवा वाहतो, आणि ज्यांना एकाच कानाने ऐकू येते, त्यांचा कान पाण्याने धुऊ नये. मधुमेही माणसाच्या बाबतीत मी आणखी सावध असतो. नळीला ओरखडा पडून आत ओलावा राहिला तर एका विशिष्ट जंतूचा संसर्ग त्वचेतून कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत उतरू शकतो. तो दुर्मीळ असला तरी जिवावर बेततो, आणि तो बहुतेक वेळा वयस्कर मधुमेहींतच दिसतो. म्हणून पुढे कधीही नानांना झोपेतून उठवणारी कानाची ठणक लागली, तर साधी कानदुखी म्हणून गोळी देऊन थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

नानांसाठी योग्य पद्धत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा डोक्याला लावलेल्या दिव्याच्या प्रकाशात, बारीक नळीच्या सक्शनने किंवा बोथट आकड्याने, पाणी न वापरता मळ काढणे. एका कानाला पाच-दहा मिनिटे लागतात. सक्शनचा आवाज मोठा वाटतो आणि क्वचित क्षणभर गरगरते, पण दुखता कामा नये. दुखले तर नानांनी डोके झटकू नये, फक्त हात वर करावा. मळ दगडासारखा असेल तर एका बैठकीत हट्ट न धरता चार दिवस तेल टाकून पुन्हा बोलावणारा डॉक्टर चांगला समजावा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. खासगी दवाखाना परवडत नसेल तर धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत, तेथे हे काम होते. बसस्थानकावर किंवा यात्रेत डोक्याला फेटा बांधून फिरणाऱ्या कानसफाईवाल्यांकडे मात्र जाऊ नका. एकच सळई दहा कानांत फिरते, आणि त्यांनी कानातून काढून दाखवलेला खडा बहुधा त्यांच्याच बोटांत आधीपासून असतो. मेणबत्तीसारखी पोकळ वात कानात धरून पेटवण्याचा जो प्रकार शहरांत चालतो, त्याने मळ निघत नाही, भाजते मात्र.

तुम्ही मागवलेला कॅमेरा वाया गेला असे नाही. बघण्यासाठी तो वापरता येईल, आणि घेतलेले चित्र डॉक्टरांना दाखवता येईल. पण मोबाईलवरच्या सपाट चित्रात खोली कळत नाही, चमचा कानाच्या पडद्यापासून दोन मिलिमीटरवर आहे की टेकला आहे हे हाताला उमगत नाही, म्हणून चमचा काढून ठेवा.

आतापर्यंतचे सर्व विवेचन कान मळानेच बंद झाला आहे असे धरून केले. पण प्रत्येक बंद कान मळाचा नसतो, आणि याच ठिकाणी होणारी चूक मला सर्वांत जास्त लागते. काही वर्षांपूर्वी चाळिशीतले एक शिक्षक माझ्याकडे आले. सकाळी उठल्यावर एक कान बंद वाटला आणि आत शिट्टी वाजू लागली. कोणीतरी मळ असेल म्हटले, म्हणून त्यांनी तीन आठवडे थेंब टाकले. मी पाहिले तेव्हा नळी स्वच्छ होती आणि पडदा चकचकीत. बिघाड आतल्या कानात, ऐकण्याच्या नसेच्या बाजूला होता. अशा अचानक आलेल्या बहिरेपणात स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर उपयोगाची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने घटते. त्यांचा तो कान परत आला नाही. हे शिक्षक अडाणी नव्हते, निष्काळजीही नव्हते. बंद झाल्याची जाणीव दोन्ही आजारांत हुबेहूब सारखी असते, एवढेच.

यात थोडा फरक घरी ओळखता येतो. ओठ मिटून घशातून ‘हुं’ असा सलग आवाज काढायचा आणि तो कोणत्या कानात मोठा वाटतो ते पाहायचे. एक कान मळाने किंवा सर्दीने बंद असेल तर आवाज त्या बंद कानातच मोठा घुमतो. नसेचा बिघाड असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. आम्ही ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवतो तेव्हा हेच तत्त्व वापरतो. ही घरगुती युक्ती तपासणीची जागा घेत नाही, पण आवाज चांगल्या कानाकडे गेला, किंवा कान एकाएकी बंद होऊन त्याबरोबर शिट्टी किंवा चक्कर आली, तर थेंब टाकत न बसता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ गाठावा. नानांचे दोन्ही कान एकाच वेळी आणि पाणी गेल्यावर बंद झाले, म्हणून मला त्यांच्याबाबत मळाचीच शक्यता अधिक वाटते. नसेचा अचानक बहिरेपणा बहुतेक वेळा एकाच कानाचा असतो.

सर्दीनंतरचा बंद कान हाही वेगळा. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. घसा आणि मधला कान जोडणारी नळी उघडल्याने ते होते. सर्दीत ती सुजून बंद राहिली की दडे आठ-पंधरा दिवसही टिकतात, आणि त्यावर मळाचे थेंब निरुपयोगी असतात. पावसाळ्यात बुरशीही कान बंद करते. त्यात खाज फार येते आणि आत भिजलेल्या कागदावर काळे ठिपके पडावेत तसे दिसते. तेलाने ती वाढण्याचीच भीती असते.

घरात नातवंडे असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट जाता जाता. मुलांच्या कानात ज्वारीचा दाणा, तूर किंवा हरभरा गेला तर पाणी घालू नये, दाणा फुगून अडकतो. शेतात झोपलेल्या माणसाच्या कानात जिवंत किडा गेला तर मात्र, कान कधी वाहिलेला नसेल तर, खोबरेल तेल सोडून तो आधी मरू द्यावा, मग काढून घ्यावा. घड्याळाचा बटनसेल गेला असेल तर काहीही न टाकता लगेच दवाखाना, कारण तो काही तासांत आतली त्वचा जाळतो.

नानांचे कान साफ झाल्यावर त्यांना पंख्याचा आणि भांड्यांचा आवाजही मोठा वाटेल, ते एक-दोन दिवसांत सरावाचे होते. त्याच भेटीत डाव्या कानाच्या पडद्याचे नीट निदान करून घ्या आणि दोन्ही कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करा. जुन्या मोजणीवर बसवलेले श्रवणयंत्र आता कमी-जास्त लागत असेल तर ते नव्याने जुळवून द्यायला सांगा, आणि यंत्राच्या टोकाची मळ अडवणारी जाळी बदला. रोज रात्री यंत्र काढून साचा कोरड्या फडक्याने पुसावा आणि रात्रभर कान मोकळा राहू द्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचे कान मी दर चार-सहा महिन्यांनी पाहतो. आठवड्यातून एकदा झोपताना उजव्या कानात दोन थेंब तेल टाकल्यास मळ घट्ट होत नाही, पण डाव्या कानाबाबत पडदा पाहिलेल्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय हे करू नका. आंघोळीच्या वेळी डाव्या कानात व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा बाहेरच्या बाहेर ठेवला म्हणजे पाणी आत जाणार नाही, आणि आंघोळ झाली की तो तिथेच काढून टाकावा.